२ हजाराची फुलदाणी ७७ लाखाला: तज्ज्ञ चुकला की बोली लावणारे?

निळीशाई
ऑक्टोबर २०२२ मधली बातमी परत फिरतेय म्हणून धागा काढते. पॅरिसजवळ फाँतेनब्लोला लिलावात एक चिनी निळी-पांढरी फुलदाणी आली, ५४ सेंमी उंच, पोट गोल गरगरीत, त्यावर ड्रॅगन आणि ढग. तज्ज्ञ म्हणाला विसाव्या शतकातली आहे, शोभेची, १५०० ते २००० युरो डोक्यावरून पाणी. मग ती खरंच जुनी असेल म्हणून बघायलाच शेकडो लोक आले टॉर्च नि भिंगं घेऊन, आणि बोली चढत चढत ७७ लाख युरोवर गेली, फी धरून ९१ लाख! तज्ज्ञाचं काम गेलं पण गडी मतावर ठाम. मला विचाराल तर पदरचे पैसे मोजणारे एवढे लोक एकाच दिवशी खुळे होत नाहीत.

खडूस_कोकणी
का नाही होणार? बोली चढवायला दोघं पुरतात ओ ताई. लिलावात भाव ठरतो, वय नाही.

भिंगवाले_काका
दोघंही जरा थांबा. तळावरचा राजवटीचा शिक्का बघून वय सांगणारे खूप भेटतात, पण खांगशी सम्राटाच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) भांड्यांवर त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या छंगह्वा सम्राटाचा शिक्का सर्रास सापडतो, आणि खांगशीचा एकोणिसाव्या शतकातल्या मालावर. दरवेळी फसवायलाच असं नाही, जुन्याला मान म्हणूनही. त्याहून मजा निळ्या रंगातल्या ठिपक्यांची. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला कोबाल्टमध्ये, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजात, लोह जास्त असायचं, भट्टीत रंग जागोजागी साकळून काळपट डाग पडायचे. म्हणजे खोटच ती! पण अठराव्या शतकात जिंगडेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या गावातल्या शाही भट्टीतल्या कारागिरांनी तीच खोट ब्रशच्या टोकाने एकेक ठिपका देऊन रंगवली. जुना डाग कसाही पसरतो, रंगवलेला रेषेला धरून शिस्तीत बसतो. आणि ही नक्कलसुद्धा आज अँटीकच, बोला.

निळीशाई
काका मस्त. पण तज्ज्ञांचं कौतुक नको. ब्रिटिश म्युझियममधल्या डेव्हिड फुलदाण्या घ्या, जमवल्या पर्सिव्हल डेव्हिडने, जन्म १८९२, आपल्या मुंबईचा. मानेवर चक्क लिहिलंय की १३५१ साली देवळाला अर्पण केल्या, तरी विद्वान किती वर्षं मानायला तयार नव्हते की युआन काळात, म्हणजे चीनवरच्या मंगोल राजवटीत, असलं काम होत असेल!

खडूस_कोकणी
अहो हे तर तुमच्याच विरुद्ध गेलं. तो प्रश्न काय बोली लावून सुटला? १९५० च्या दशकात जॉन पोप नावाच्या माणसाने इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणातल्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी या दोन फुलदाण्यांशी एकेक करून ताडली, तेव्हा कुठे युआन माल ओळखता यायला लागला. म्हणजे तज्ज्ञाची चूक दुसऱ्या तज्ज्ञाने सुधारली, पाकिटाने नाही.

गप्पिष्ट
एवढं भांडण कशाला, लॅबमध्ये द्या की. मातीची टेस्ट असते ना, शेवटची कधी भाजली ते सांगणारी.

भिंगवाले_काका
असते, पण तळाला बारीक भोक पाडून नमुना काढावा लागतो, आणि लाखांच्या वस्तूला भोक पाडू देणारा मालक दाखवा मला. शिवाय जुन्या फुटक्या भांड्याचा बूड नव्या अंगाला चिकटवून विकणारे आहेतच, नमुना बुडातून घेतला की रिपोर्ट झक्कास जुना येतो.

निळीशाई
ते ठीक, पण तिथे आलेले चिनी खरेदीदार लहानपणापासून हा माल बघतात. फोटोवरून लांबून आले ते काय उगाच?

खडूस_कोकणी
शेकडो आले म्हणता ना, मग शेवटी पाच-पन्नास लाखांवर हात किती जणांचा वर होता? बाकीचे टॉर्च मारून, भिंग लावून गप घरी का गेले, ते आधी सांगा.