एलईडी चालू, तरी टूल क्लॅम्पचा अलार्म

रात्रपाळी:
व्हीएमसी आहे, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन. बीटी-40 स्पिंडल, आर्म टाइप एटीसी (आपोआप टूल बदलणारी यंत्रणा), 24 टूलचं मॅगझिन. पंधरा दिवस झाले, टूल चेंजच्या मध्येच 'टूल क्लॅम्प कन्फर्म नाही' हा अलार्म येतोय. आर्म दोन्ही टूल धरून तसाच अडकतो. मग मॅन्युअलमध्ये एकेक स्टेप करत एटीसी होमला आणायची, त्यात वीस मिनिटं जातात.
शिफ्टचे पहिले दोन तास काही होत नाही, नंतर सुरू होतं. त्यामुळे मशीन तापलं की सेन्सर दगा देतो, असं माझं मत झालंय. क्लॅम्पचा प्रॉक्सी (धातू जवळ आला की सिग्नल देणारा सेन्सर) दोनदा बदलला. दोन्ही वेळा दोन दिवस छान चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑपरेटर म्हणतो, जंपर मारा, म्हणजे वायर जोडून सेन्सर बायपास करा, टूल तर पकडलेलंच असतं. अजून मारला नाहीये, पण प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेत.

हवाबंद:
एअर प्रेशर बघा आधी. कॉम्प्रेसरवर लोड आला की प्रेशर पडतं, सिलिंडर हळू चालतो आणि टायमर संपून अलार्म येतो. आमच्याकडे असंच होतं.

जुना फिटर:
हवाबंद, तुमचा मुद्दा अनक्लॅम्पच्या अलार्मला चपखल बसतो. क्लॅम्प मात्र ड्रॉबारच्या (स्पिंडलच्या आत टूल वर ओढून धरणारा दांडा) डिस्क स्प्रिंगा करतात, हवा फक्त सोडवायला लागते. सिलिंडर मागे यायला उशीर झाला तर क्लॅम्पही उशिरा येईल हे मान्य, पण मी तिथून सुरुवात करणार नाही.

रात्रपाळी, जंपर मारू नका. त्या सेन्सरला टूल दिसत नाही, ड्रॉबार कुठे थांबलाय एवढंच दिसतं. टूल धरलं की ड्रॉबार एका जागी थांबतो, टूल नसेल तर आणखी वर जातो, आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये चिप अडकली किंवा पुल स्टड (होल्डरच्या टोकाचा, ड्रॉबार पकडतो तो बोल्ट) भलत्याच मापाचा लागला तर तिसरीकडेच. जंपर मारलात की मशीनच्या लेखी टूल कायमचं पकडलेलं. मग एखाद्या दिवशी फेस कटर अर्धवट धरलेला असताना स्पिंडल फिरेल. दार बंद असलं तरी मला त्या दाराच्या काचेवर एवढा भरवसा नाही.

आता मला दोन गोष्टी सांगा. अलार्म ठरावीक टूललाच येतो की कुठल्याही? एकाच टूलला येत असेल तर सेन्सर सोडा, त्या होल्डरचा पुल स्टड मोजा. आणि अलार्म आलेला असताना, रिसेट न दाबता, सेन्सरचा एलईडी चालू आहे का, आणि त्याच वेळी पीएमसीच्या (मशीनचं लॉजिक चालवणारा कंट्रोलर) स्क्रीनवर त्याचा एक्स बिट, म्हणजे इनपुट, 0 आहे की 1?

रात्रपाळी:
कुठल्याही टूलला येतो. आज रात्री दोनदा आला, दोन्ही वेळा एलईडी चालू आणि बिट 0.

जुना फिटर:
मग सेन्सरची काही चूक नाही, त्याने आपलं काम केलंय. निरोप वाटेत हरवतोय. प्रॉक्सी तीन वायरचा असेल: तपकिरीवर 24 व्होल्ट, निळ्यावर 0, काळी सिग्नलची. तपकिरी किंवा निळी तुटली असती तर एलईडीही विझला असता. म्हणजे काळी वायर, कनेक्टर किंवा इनपुट कार्ड. कार्डाचा संशय सगळ्यात शेवटी घ्या.

सेन्सर बदलताना हेडवरच्या जंक्शन बॉक्समध्ये नवी वायर जोडलीत ना? तिथून पॅनलपर्यंतची लांब केबल जुनीच राहिली. बदलताना ती हलली, तुटलेले तार एकमेकांना टेकले, आणि दोन दिवस मशीन चाललं. श्रेय नव्या सेन्सरला मिळालं.

मल्टिमीटर लावून नुसती कंटिन्युइटी बघू नका, स्थिर केबल हमखास बीप देते. टूल पकडलेलं ठेवा, दार बंद करा, स्क्रीनवर तो बिट उघडा आणि हँडल मोडमध्ये (हाताने चाक फिरवून) झेड, म्हणजे हेड वर-खाली नेणारा अक्ष, सावकाश टूल चेंजच्या उंचीपर्यंत न्या. नजर बिटवर ठेवा. सगळ्यांना लांब उभं करा.

लॅडरवाला:
डोळ्याला दिसलं नाही तर पीएमसी ट्रेस लावा. सिग्नल क्षणभर पडला तरी त्याची नोंद त्यात दिसू शकते. रात्रभर ट्रिगर लावून ठेवला तरी चालतो.

रात्रपाळी:
काका, सापडलं. झेड वर नेताना होमच्या थोडं अलीकडे बिट एकदम 0 झाला, खाली आणला की पुन्हा 1. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा त्याच उंचीला. एलईडी मात्र ढिम्म.

मेन स्विच बंद करून झेडची केबल चेन (हेडबरोबर हलणाऱ्या केबली ज्यातून जातात ती साखळी) उघडली. जिथे ती वळते तिथेच कोणीतरी तीन केबली टायने घट्ट आवळून बांधल्या होत्या. टायच्या अगदी शेजारी आमची केबल जरा मऊ लागत होती, बाहेरून एक ओरखडाही नाही. इन्सुलेशन सोललं तर काळ्या वायरचे तार काळपट पडून तुटलेले, एक-दोनच टिकून होते.

आणि ते दोन तासांचं कोडंही सुटलं. शिफ्टचा पहिला जॉब नुसता फेसिंगचा असतो, एकच टूल. दुसऱ्या जॉबला आठ टूल लागतात. म्हणजे पहिले दोन तास झेड त्या उंचीला जवळजवळ जातच नव्हता. मी पंधरा दिवस तापमानाच्या मागे लागलो होतो.

सध्या त्याच केबलमधली स्पेअर वायर वापरून चालू केलंय. चालेल ना?

जुना फिटर:
नवी केबल येईपर्यंत चालेल. पण ती स्पेअरही त्याच वळणावर तेवढ्याच वेळा वाकलीये, तिचंही आयुष्य तेवढंच संपलंय. केबल चेनसाठीची फ्लेक्सिबलच मागवा, साधी घातलीत तर पुन्हा इथेच याल. चेनच्या आत एकही टाय नको, केबल मोकळी सरकली पाहिजे. बांधायची ती चेनच्या दोन्ही टोकांना.

त्या टायमधल्या उरलेल्या दोन केबली कसल्या आहेत तेही बघून ठेवा.

रात्रपाळी:
एक लुब्रिकेशन प्रेशर स्विचची. दुसरी अनक्लॅम्पची.