मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉल २०२५, टॉप टेन लाइनबॅकर ग्रुप कसे लावू?

ओहायोतला_बंड्या

मंडळी, जरा डोकं चालवायला मदत हवीय. आमच्या ऑफिसात दर ऑगस्टला सीझन सुरू व्हायच्या आधी एक टाइमपास चालतो, प्रत्येकाने एकेक पोझिशन घ्यायची, देशातले दहा बेस्ट ग्रुप लावून शीटमधे टाकायचे आणि मग डिसेंबरपर्यंत त्यावरनं एकमेकांची खेचायची. क्वार्टरबॅक (पास टाकणारा), रिसीव्हर (पास झेलणारा) वगैरे मलई जुन्या खोडांनी आधीच उचलली, माझ्या वाट्याला आले लाइनबॅकर. (हो, अमेरिकन फुटबॉल. सॉकरवाल्यांनी इथूनच यू टर्न घ्यावा.)

ज्यांना अंदाज नाही त्यांच्यासाठी, डिफेन्समधे सगळ्यात पुढे ते गेंडे उभे असतात, सगळ्यात मागे पळणारी हलकी पोरं, आणि मधे जे असतात ते लाइनबॅकर. समोरचा बॉल घेऊन घुसला की याने आडवा करायचा, पास टाकला की मागे पळून माणूस धरायचा, आणि कधी कधी थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर जायचं. म्हणजे काम तिघांचं, पगार एकाचा.

आता माझा कच्चा क्रम असा आहे: टेक्सस, अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट, एलएसयू (लुइझियाना स्टेट), पेन स्टेट, क्लेमसन, मिशिगन, पिट (पिट्सबर्ग), टेक्सस टेक. प्रॉब्लेम असा की हा क्रम मी नावं बघून लावलाय, आणि "ग्रुप" म्हणजे नक्की काय मोजायचं तेच ठरत नाहीये. एक स्टार आणि बाकी ठीकठाक हे वरती, की तीन चांगले पण स्टार कोणीच नाही ते वरती? शिवाय एज रशर (कडेने थेट क्वार्टरबॅकवर धावणारे) धरायचे का? मागच्या वर्षी, २०२४ ला, जॉर्जियाच्या जेलन वॉकरला बटकस अवॉर्ड मिळालं, म्हणजे देशातला बेस्ट लाइनबॅकर, आणि ड्राफ्टमधे (एनएफएल या प्रो लीगच्या टीम कॉलेजातली पोरं निवडतात तो) फाल्कन्सनी १५ व्या नंबरला घेतला तो क्वार्टरबॅकवर सोडायला. पेन स्टेटचा अब्दुल कार्टर तर कॉलेजातच लाइनबॅकरचा एज झाला आणि तिसऱ्या नंबरवर जायंट्सकडे गेला. मग मोजायचं कोणाला? तिसरं म्हणजे दुखापतीतून परत येणारे. अलाबामाचा डिऑन्टे लॉसन नोव्हेंबरात ओक्लाहोमाविरुद्ध गुडघा फाडून घेऊन बसला, आणि मी त्याच्या जिवावर अलाबामाला दोन नंबर देतोय. बरोबर आहे का हे? ३० ऑगस्टच्या आधी शीट लॉक होणारे, कारण त्या दिवशी टेक्सस आमच्याच गावात, कोलंबसला, ओहायो स्टेटशी खेळायला येतंय.

फिल्मवाला

बंड्याभाऊ, आधी नियम ठरवा मग नावं, नाहीतर ऑफिसात कोणीही तुम्हाला गुंडाळेल. माझा नियम साधा आहे, जो खेळाडू बहुतेक स्नॅपला (म्हणजे डाव सुरू होताना) लाइनपासून (बॉल ठेवतात ती रेषा) चार-पाच यार्ड मागे उभा राहतो तो लाइनबॅकर, जो समोरच्या लाइनीतल्या टोकाच्या गड्याच्या (त्या पोझिशनलाही टॅकलच म्हणतात) बाहेरच्या खांद्याला चिकटून उभा असतो तो एज, मग कॉलेजच्या वेबसाइटवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरं, टॅकलच्या आकड्यांवर फार जाऊ नका. अर्धा टॅकल कोणाच्या नावावर लिहायचा हे होम टीमचा आकडेवाला प्रेसबॉक्समधे बसून ठरवतो, काही ठिकाणी हात सैल असतो काही ठिकाणी कंजूष. शिवाय ज्या टीमचा डिफेन्स सारखा मैदानावरच असतो त्यांच्या लाइनबॅकरचे टॅकल आपोआप फुगतात. त्यापेक्षा लाइनच्या मागे किती पाडले, पास कव्हरेजमधे किती टिकतो आणि थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला, जेव्हा बहुतेक पास येतो) त्याला बाहेर काढतात का ते बघा. थर्ड डाउनला बाकावर बसणारा लाइनबॅकर म्हणजे अर्धाच लाइनबॅकर.

आणि हल्ली बहुतेक टीम चार-दोन-पाच खेळतात, म्हणजे मैदानावर लाइनबॅकर दोनच. त्यामुळे ग्रुप म्हणजे ती जोडी आणि तिसरा जो मोडतोडीला येतो तो. ही जोडी आधी एकत्र खेळलीय का हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवीन. कबड्डीत कव्हरची साखळी नवी असली की कसं होतं, एक जण धरायला जातो आणि दुसरा अजून विचारच करतोय, तसलंच इथे होतं. २०२१ चं जॉर्जिया आठवा, नकोबी डीन, क्वे वॉकर, चॅनिंग टिंडॉल, तिघेही पुढच्याच ड्राफ्टमधे पहिल्या तीन राउंडमधे गेले, पण त्यांचं खरं वैशिष्ट्य हे की कोण कुठे जाणार हे तिघांनाही बघावं लागत नव्हतं.

पिट्सबर्गची_मावशी

पिटला नववा नंबर?? अहो काय राव! काइल लुईस, रशीम बाइल्स, ब्रेलन लव्हलेस, तिघेही परत आलेत, असे तिघेच्या तिघे परत आलेली मोठी टीम दाखवा मला. लुईसचे मागच्या वर्षीचे आकडे बघा: १०१ टॅकल, ७ सॅक (क्वार्टरबॅकला बॉल टाकायच्या आधीच पाडणं) आणि वर ४ इंटरसेप्शन. फिल्मवाल्यांचंच माप लावा की, साडेपंधरा टॅकल लाइनच्या मागे आहेत त्याचे. क्वार्टरबॅकला पाडणारा आणि पास पळवणारा एकच माणूस, हे किती जणांना जमतं?

आता सगळे म्हणणार की पिट ७-० वरनं ७-६ झालं आणि शेवटी टोलीडोकडून सहा ओव्हरटाइममधे हरलं. मान्य, आम्ही टीव्हीसमोर बसून भोगलंय ते. पण क्वार्टरबॅक जखमी झाला, ऑफेन्स बसला, त्यात लाइनबॅकरचा काय दोष? बंड्या, तू ग्रुप लावतोयस की टीमचं रेकॉर्ड लावतोयस ते आधी ठरव.

ऑस्टिनकर

मावशी, शांत व्हा 🙂 लुईस भारीच आहे, पण एक नंबर टेक्ससच. अँथनी हिल ज्युनियरचे ११३ टॅकल, ८ सॅक, आणि तो थर्ड डाउनला बाहेर जात नाही. सोबत लिओना लेफाऊ आहे, हवाईचा पोरगा, मागच्या वर्षी बऱ्यापैकी खेळलेला, आणि ट्रे मूर, ज्याला आता एजवरनं थोडं मागे आणतायत असं कॅम्पमधनं ऐकू येतंय. मूरने आधीच्या कॉलेजात, यूटीएसएला, २०२३ मधे एका सीझनला १४ सॅक केलेत. म्हणजे तुमच्या नियमाने तो मोजायचा की नाही ते फिल्मवालेसाहेबांनी सांगावं, मला तर दोन्हीकडून फायदा दिसतोय.

फिल्मवाला

मूर मागे उभा राहून खेळेपर्यंत मी अर्धाच मोजीन. आणि हाच घोळ एलएसयूमधे उलटा आहे. हॅरल्ड पर्किन्सचा मागच्या सप्टेंबरात यूसीएलएविरुद्ध एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) गेला, आता त्याला म्हणे "स्टार" नावाच्या पोझिशनला लावणार, म्हणजे जवळजवळ निकलबॅक (मागच्या पोरांतला पाचवा), बाहेर स्लॉट रिसीव्हरच्या समोर. माझ्या मते तिथेच तो जास्त उपयोगी पडेल कारण आत गर्दीत त्याला समोरच्या लाइनीतले मोठमोठे गार्ड खाऊन टाकत होते. पण मग लाइनबॅकर ग्रुपमधे उरतो व्हिट वीक्स, १२५ टॅकलवाला, ज्याचा पाय टेक्सस बोलमधे बेलरविरुद्ध मोडला. बाय द वे वीक्स तीन भाऊ आहेत, व्हिट, वेस्ट आणि झॅक, तिघेही एलएसयूत आणि तिघेही लाइनबॅकर. त्यांच्या आईचं धुण्याचं बिल बघायला आवडेल मला.

दुखापतीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, सगळ्या दुखापती एका तागडीत टाकू नका. मोडलेलं हाड जुळलं की जुळलं, एसीएलवाला मैदानावर परत आला तरी दिशा बदलताना मनात धाकधूक राहते, आणि लाइनबॅकरचं अर्धं आयुष्य दिशा बदलण्यातच जातं. लॉसन नोव्हेंबरात पडलाय म्हणजे सीझनच्या पहिल्या मॅचला जेमतेम नऊ महिने. त्याच्या बाजूचा जिहाद कॅम्पबेल ईगल्सनी ३१ व्या नंबरला नेला. अलाबामाने कोलोरॅडोहून निकाय हिल-ग्रीन आणलाय, जस्टिन जेफरसन आहे (तो एनएफएलमधला व्हायकिंग्सवाला नव्हे!), बदली माणसं भरपूर आहेत, पण जोडी नवी. मी तरी दोन नंबर देणार नाही, पाच-सहा.

लबकचा_सुन्या

टेक्सस टेकला दहावा नंबर बघून वाईट नाही वाटलं, यादीत आहे हेच खूप. पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये ती म्हणजे पुढची लाइन. जेकब रॉड्रिग्जने मागच्या वर्षी १२७ टॅकल केले, माणूस मुळात व्हर्जिनियाला क्वार्टरबॅक म्हणून गेला होता, त्यामुळे समोरचा क्वार्टरबॅक काय बघतोय हे त्याला अर्धा सेकंद आधी कळतं. सोबत बेन रॉबर्ट्स, दोघेही जुने. मागच्या वर्षी मात्र लाइन अशी होती की गार्ड सरळ यांच्या छातीवर येऊन बसायचे. या वर्षी ट्रान्सफर पोर्टलमधे (कॉलेज बदलणाऱ्या पोरांची यादी) पैसे ओतून पुढची फळीच नवी आणलीय. तीच पोरं, पण समोर मोकळी जागा मिळाली की दुप्पट भारी दिसणार. लिहून ठेवा.

आणि इंडियाना कुठाय तुमच्या यादीत? एडन फिशर, ११८ टॅकल, कोच सिग्नेटीबरोबर जेम्स मॅडिसनहून आलेला, म्हणजे सिस्टिम पाठ आहे त्याला. नाव मोठं नाही म्हणून कोणी घेत नाही.

ओहायोतला_बंड्या

वा, एवढं मटेरियल मिळेल असं वाटलं नव्हतं. सुन्याभाऊंचा पुढच्या फळीचा मुद्दा पटला, पण तो धरला तर ओहायो स्टेटला खाली न्यावं लागतं, कारण मागच्या वर्षीची अख्खी लाइन एनएफएलला गेली. सनी स्टाइल्स आधी सेफ्टी (सगळ्यात मागे खेळणारा) होता, एका वर्षात लाइनबॅकर होऊन १०० टॅकल केले, पण कोडी सायमन गेला, त्याच्या जागी आर्वेल रीस पहिल्यांदाच स्टार्टर, आणि डिफेन्सचा कोऑर्डिनेटरही नवा, मॅट पॅट्रिशिया. जुना नोल्स तर पेन स्टेटला जाऊन बसलाय. चार नंबर मी देतोय तो गाव म्हणून देतोय असं ऑफिसात म्हणणार सगळे.

फिल्मवाला

म्हणू देत. रीसची साइज आणि स्पीड बघता चार फार नाही. पेन स्टेट मात्र मी खाली घेईन. लाइनबॅकर यू, म्हणजे लाइनबॅकरांचं विद्यापीठ, हे पेन स्टेटचं नाव जॅक हॅमपासून मायका पार्सन्सपर्यंत लोकांनी कमावलंय, या वर्षीच्या पोरांनी नाही. टोनी रोहास चांगला आहे, पण दुसरा अमारे कॅम्पबेल नॉर्थ कॅरोलायनाहून नुकताच आलाय. क्लेमसनचा सॅमी ब्राउन उलट वर न्या, फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) असताना ५ सॅक केलेत त्याने, वेड वुडाझ बाजूला जुना आहे.

पिट्सबर्गची_मावशी

आणि पिट?

ओहायोतला_बंड्या

मावशी, पिट तीनला आणलं! आता असं: टेक्सस, जॉर्जिया, पिट, ओहायो स्टेट, क्लेमसन, अलाबामा, टेक्सस टेक, एलएसयू, मिशिगन, इंडियाना. पेन स्टेट बाहेर, त्यावरनं आमचा एक डायरेक्टर माझ्याशी बोलणं टाकणार हे नक्की. मिशिगनला नऊवर ठेवलंय कारण बाहेर काढलं तर लोक म्हणतील कोलंबसवाला आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचा अर्नेस्ट हाउसमनसुद्धा कोलंबसचाच, फक्त नेब्रास्कातल्या.

जॉर्जिया दोनला का ते विचारतील म्हणून सांगून ठेवतो, सीजे ॲलन आणि रेलन विल्सन एकाच वर्षी आले, एकत्र खेळलेत, तिसरा ख्रिस कोल तयार आहे, आणि तिथे माणसं फिरवत ठेवतात म्हणून एकेकाचे आकडे लहान दिसतात. फिल्मवाल्यांचा जोडी प्लस तिसरा हा नियम तिथे फिट बसतो. पिटलाही बसतो, फरक एवढाच की पिटची एसीसी आणि जॉर्जियाची एसईसी या दोन लीगच्या रनिंग गेममधे (बॉल घेऊन पळण्यात) फरक आहे. मावशी, यावर भांडू नका प्लीज.

ऑस्टिनकर

यादी ठीक आहे, पण टायब्रेकर काय ठरलाय तुमचा? डिसेंबरात कोण बरोबर ते कशावरनं ठरवणार, पीएफएफचे (खेळाडूंना मार्क देणारी साइट) ग्रेड की ऑल अमेरिकन टीम (देशातल्या बेस्ट खेळाडूंची निवड)? ते आत्ताच शीटमधे लिहून घ्या. दोन जण सेम स्कोअरवर आले की मग कोण ऐकत नाही.

ओहायोतला_बंड्या

अरे हे विचारलंच नव्हतं. पीएफएफचं सबस्क्रिप्शन एकाकडेच आहे आणि तोच पेन स्टेटवाला डायरेक्टर. उद्या ग्रुपवर टाकतो, ऑल अमेरिकन आणि बटकसचे फायनलिस्ट दोन्ही धरू असं म्हणून बघतो.