पाणी कुणाच्या बापाचं? (वेंब्लीकरकाकांच्या लेखाला उत्तर)

नळावरची

काकांनी परवा लिहिलं की, इंग्लंडमधल्या पाणी कंपन्या सरकारने ताब्यात घ्याव्यात म्हणणाऱ्या पोरांनी पाणी सरकारी होतं तेव्हाचा, 1976 चा दुष्काळ पाहिलेला नाही. सरकारी आलं की बोंब आलीच. तिथेच प्रतिसाद देणार होते, पण राग लांबत गेला म्हणून वेगळा धागा.

काका, 1989 मध्ये थॅचरबाईंनी पाणी विकलं तेव्हा सरकारने आधीचं सुमारे 5 अब्ज पौंडांचं कर्ज माफ केलं आणि वर दीड अब्ज आंदण दिलं. लेकीची पाठवणीसुद्धा कुणी इतकी दणक्यात करत नाही. 2025 मध्ये लंडनला पाणी देणाऱ्या एकट्या थेम्स वॉटरच्या डोक्यावर 20 अब्जांच्या आसपास कर्ज होतं. ते पैसे पाइपात गेले म्हणता? मग 2024 मध्ये इंग्लंडच्या नद्या-समुद्रात 36 लाख तास मैलापाणी कुठून सुटलं? 2024 च्या डिसेंबरात पाणी कंपन्यांच्या नियामकाने, ऑफवॉटने, 5 वर्षांत सरासरी 36 टक्के बिलवाढ मंजूर केली आणि पुढच्याच मे महिन्यात थेम्सला 12 कोटी 27 लाखांचा दंड ठोकला. मारल्यासारखं करायचं नि रडल्यासारखं करायचं.

आमच्या घरासमोर (कंपनीचं नाव घेत नाही) फेब्रुवारीपासून फुटपाथच्या कडेने पाणी वाहतंय. एक माणूस आला, निळ्या स्प्रेने बाण काढून गेला. त्या बाणावर आता शेवाळ धरलंय. आणि पत्र कशाचं येतं? दात घासताना नळ बंद ठेवा!

जुना_वेंब्लीकर

ताई, रागाला मी घाबरत नाही, 50 वर्षं इथे काढलीत. 76 ला माझा एक मित्र डेव्हनला होता. रस्त्यातल्या नळावर बादली घेऊन उभा राहायचा. गिरगावात होतो तेच बरं होतं, असं पत्र त्याने मला लिहिलं होतं. सरकारने डेनिस हॉवेल नावाचा खास दुष्काळमंत्री नेमला आणि काही दिवसांत धो धो पाऊस. सरकारी पाणी व्यवस्थेचं तेवढंच यश मला आठवतं.

पाइप बदलायला पैसे मागितले की ट्रेझरी (अर्थखातं) म्हणणार, आधी हॉस्पिटलं. ते चूकही नव्हतं. पण त्यामुळे किनाऱ्यावर मैला थेट समुद्रात जायचा. तेव्हा ब्रिटनला युरोपातला घाणेरडा गडी म्हणत, ते उगाच नाही. तुम्हाला जुनं सोनं वाटतंय, मी ते वास घेऊन पाहिलंय.

ग्लासगोची_सून

दोघंही इंग्लंडलाच ब्रिटन धरून चाललात. नेहमीचंच. आमच्याकडे पाणी विकलंच नाही. 1994 ला स्ट्रॅथक्लाइडमध्ये (ग्लासगोचा परिसर) मतदान घेतलं, 97 टक्के लोक नको म्हणाले. स्कॉटिश वॉटर आजही सरकारी आहे आणि बिल तुमच्यापेक्षा कमी.

आणि पाणी म्हणजे काय पाणी! कुकरच्या 3 शिट्ट्यांत तूरडाळ लोण्यासारखी. माझी नणंद लूटनला असते, तिथे 6 शिट्ट्या केल्या तरी डाळ वेगळी नि पाणी वेगळं. गणपतीला गेले होते तेव्हा वरण रवीने नव्हे, मिक्सरने घोटलं आम्ही.

हिशेबनीस

वरण शिजलं असेल तर आकड्यांकडे वळू. सरकार म्हणतं राष्ट्रीयीकरणाला 100 अब्ज लागतील. हा आकडा कंपन्यांची नियामकाने धरलेली किंमत पूर्ण मोजायची, असं गृहीत धरून येतो. बुडीत दुकानाची छापील किंमत कोण देतं? थेम्ससारखी कंपनी विशेष प्रशासनाखाली (बुडत्या कंपनीवर कोर्टाने नेमलेला तात्पुरता कारभार) घेतली तर कर्ज देणाऱ्यांना कात्री लागेल, आणि ते धोका पत्करूनच व्याज खात होते. पण पाणी व्यवस्था तपासायला सरकारने नेमलेल्या कन्लिफ आयोगाला सरकारीकरणाच्या वाटेला जाऊच नका असं आधीच बजावलेलं. पेशंटला हात न लावता निदान करा!

मात्र नळावरचीताई, कर्ज सगळं लाभांशातच गेलं हेही खरं नाही. लंडनखालचा 25 किलोमीटरचा सुपर सीवर (मैलापाण्याचा बोगदा) खासगी पैशानेच झाला.

नळावरची

आणि तो पैसा थेम्सच्या गिऱ्हाइकांच्या बिलातून वसूल होतोय, हे सांगायला विसरलात.

खडूस_खडू

ग्लासगोच्या वहिनी, डाळीचा आणि मालकीचा काही संबंध नाही. दक्षिण इंग्लंडचं पाणी चुनखडीतून येतं, त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडून धरणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. राष्ट्रीयीकरण केलंत तरी खडू तोच राहणार. चिमूटभर सोडा टाका.

ग्लासगोची_सून

सोडा? वरणात? तुमच्या घरी चालत असेल. आणि मालकीचा संबंध आहेच. लॉक कॅट्रिन तळ्याचं पाणी ग्लासगोला 1859 ला आणलं ते पालिकेने. डोंगरातून एवढं मऊ पाणी आणायची अक्कल आणि धीर पालिकेला होता, भागधारकाला असता का?

पुणेरी_रेडिंगकर

सोड्याने चव जाते. डाळ रात्रभर भिजवा, फिल्टरचं पाणी घ्या, मीठ शेवटी.

खडूस_खडू

मीठ शेवटी ही अंधश्रद्धा आहे. प्रयोग करून पाहिलाय, वेगळा धागा काढतो.

पुणेरी_रेडिंगकर

काढाच. आमची आजी 40 वर्षं चुकीचं वरण करत होती, हे तुमच्याकडूनच कळायचं राहिलं होतं.

जुना_वेंब्लीकर

देशाच्या पाण्याचं वाटोळं होतंय आणि इथे वरण चाललंय. सूनबाई, स्कॉटलंडमध्ये किती ओव्हरफ्लोवर (जादा मैलापाणी नदीत सोडायची तोंडं) मोजमापाची यंत्रं होती, तेही सांगा की. मोजलंच नाही तर घाण दिसणार कशी? आणि नॉर्दर्न आयर्लंडचं पाणीही सरकारीच. तिथे घरगुती बिल नाही आणि गटारांना पैसाही नाही.

ग्लासगोची_सून

मोजण्याचा मुद्दा मान्य. नाइलाजाने.

बंड्या_हाउन्सलो

काका, तुम्हाला सरकारी मालकी नको ना? थेम्सच्या भागधारकांत चीनचा सरकारी फंड होता, अबूधाबीचाही. सरकारी चालतं, फक्त आपलं नको, असं आहे का?

बाकी स्टार्मरसाहेबांनी 2020 ला मजूर पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक लढवताना रेल्वे, टपाल, वीज, पाणी सगळं लोकांच्या मालकीचं करू म्हटलं होतं. रेल्वे घेतायत, 2025 च्या मेमध्ये साउथ वेस्टर्नपासून सुरुवात झाली. पाण्याचं नाव काढलं की घसा कोरडा पडतो. उजव्या फराजच्या रिफॉर्म पक्षानेसुद्धा 2024 ला निम्मी मालकी सरकारची, निम्मी पेन्शन फंडांची असं छापलं होतं.

जुना_वेंब्लीकर

रेल्वेचं नाव काढू नकोस. करार संपले, घेतल्या, फुकटात झालं. पाण्याच्या परवान्याला तशी मुदत नाही, एवढा फरक कळतो का? चीनचा टोला मात्र चांगला होता. लागला.

माझं म्हणणं एवढंच, घ्यायचंच तर वेल्ससारखं करा. तिथल्या वेल्श वॉटरला 2001 पासून भागधारकच नाहीत. मंत्र्याच्या हातात तोटी देऊ नका.

नळावरची

म्हणजे खासगी नफा नको हे तुम्हालाही मान्य. मग परवा चार पानं कशावर लिहिलीत?

जुना_वेंब्लीकर

चार नव्हती, तीन होती.

नळावरची

ता.क. आज सकाळी कंपनीचा माणूस आला होता. शेवाळ खरवडलं, बाण परत निळा केला आणि गेला.

पुणेरी_रेडिंगकर

ते वाहतं पाणी डाळीला घेऊन बघा, मऊ असेल तर सांगा.