मुंबई मॅरेथॉन: शर्यत की जत्रा?

दादर_टीटी:
'सपाटरस्ता' यांनी काल लिहिलं की मुंबई मॅरेथॉन ही शर्यत नव्हेच, जत्रा आहे. टाइम काढायचा तर फेब्रुवारीत दिल्लीची फुल (अख्खी मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर) धावा. आणि मुंबईत पीबी (पर्सनल बेस्ट, स्वतःची सर्वोत्तम वेळ) झाला म्हणणारे एकतर थापा मारतात, नाहीतर आधी कधी नीट धावलेलेच नसतात. माझा पीबी मुंबईचा आहे, ३:५८ (तास:मिनिटं). त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

जत्रा असणं हा दोष कधीपासून झाला? जानेवारीचा तिसरा रविवार, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. पेडर रोडच्या चढावर एक आजी स्टीलचा डबा उघडून उभ्या होत्या. आत तिळाच्या वड्यांचे नखाएवढे तुकडे, कारण धावताना अख्खी वडी चावत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. पुढे कोणी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवतं, पोटरीत गोळा आला की ओळख ना पाळख असलेलं पोरगं स्प्रे मारतं. तुमच्या त्या मोकळ्या, रुंद रस्त्यांवर हे कुठून आणणार? राहता राहिला वेग. इथिओपियाच्या हयले लेमीनं २०२३ मध्ये मुंबईतच २:०७:३२ काढले. रस्ता एवढा रडका असता तर निघाले असते का?

सपाटरस्ता:
२:०७ चं कौतुक मला नका सांगू. केनियाच्या किपचोगेनं बर्लिनला २०२२ मध्ये २:०१:०९ काढले, त्याच देशाच्या किप्टमनं शिकागोला २०२३ मध्ये २:००:३५. ही तफावत वडीच्या तुकड्यांनी भरून निघत नाही. आपल्या लोकांचं घ्या. नितेंद्रसिंग रावत मुंबईत २०१६ ला २:१५:४८ धावला, केवढा गाजावाजा झाला. शिवनाथ सिंग १९७८ मध्ये जालंधरला २:१२:०० धावले होते, एनर्जी जेल नाही, कार्बन प्लेटचे बूट नाहीत. तुमच्याकडे भर जानेवारीत अंगावरचा घाम वाळत नाही. हौशी फुल पहाटे पाचला सुटते म्हणून निभावतं. एलिट पुरुषांना सातनंतर सोडतात, ते कोणाच्या सोयीसाठी? टीव्हीच्याच ना? आणि वर्षानुवर्षे परतीला, पस्तिसावा किलोमीटर उलटल्यावर, पुन्हा तोच पेडर रोड.

पेठेतला_पाय:
मुंबईची मॅरेथॉन २००४ ची. पुण्यात १९८३ पासून धावतायत. डिसेंबरातली खरी थंडी, घाम वगैरे भानगड नाही. पण धागा मुंबई-दिल्लीचा, आम्हाला कोण विचारतो.

दादर_टीटी:
आलं का पुणं! मला वाटलं आज वाचलो.

सपाटरस्ता साहेब, तुमच्या 'फास्ट' रस्त्यांचं गुपितही सांगतो. अशाच एका सपाट म्हणवणाऱ्या शर्यतीत (नाव घेत नाही) मित्राच्या जीपीएस घड्याळात ४१.९ किलोमीटर भरले. मुंबईत माझ्या घड्याळात ४२.७. म्हणजे मी जवळजवळ अर्धा किलोमीटर जास्त धावून ३:५८ काढले. हिशोब तुम्हीच करा.

मीटरटेप:
हे आलं की माझं डोकं फिरतं. घड्याळावरून रस्ता मोजणारे लोक देव पण वाचवू शकत नाही. प्रमाणित मार्ग सायकलनं मोजतात. चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावलेला असतो, आधी टेपनं मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल कॅलिब्रेट करतात, मग वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून सगळ्यात जवळची वाट धरतात. वर किलोमीटरमागे १ मीटर मुद्दाम जास्तीचा, म्हणजे फुलमध्ये ४२ मीटर, कमी भरायला नको म्हणून. तुम्ही संत्र्याच्या फोडीसाठी डावीकडे, पाण्यासाठी उजवीकडे, फोटोसाठी पुन्हा डावीकडे गेलात. ते ५०० मीटर तुमचे, आयोजकांचे नव्हेत. त्यात टॉवरांच्या गर्दीत जीपीएस उड्या मारतं ते वेगळंच.

दादर_टीटी:
मी फोटोसाठी कधीच थांबत नाही. तोंड सांभाळून लिहा.

मीटरटेप:
थांबलात असं कुठे म्हटलं? तिरके धावलात म्हटलं.

पेठेतला_पाय:
सायकलनं मोजलेलं कागदावर. शर्यतीच्या दिवशी काय? एका हाफ मॅरेथॉनला यू-टर्नचा प्लास्टिकचा शंकू एका पोरानं ठरलेल्या जागेच्या अलीकडेच ठेवला. सगळ्यांचा पीबी! लोकांनी पेढे वाटले, स्टेटस ठेवले. संध्याकाळी कळलं की रस्ताच कमी होता. टाइम आजही त्यांच्या सर्टिफिकेटवर आहेत. शहर नाही सांगणार.

मीटरटेप:
हा मुद्दा मान्य. पहिल्यांदाच धाग्यात कोणी कामाचं बोललं, तेही पुण्याचं, याचं दुःख आहे.

आणि 'फास्ट' म्हणजे काय तेही एकदा ठरवा. बॉस्टनला २०११ मध्ये जेफ्री मुताई २:०३:०२ धावला, त्याआधी जगात इतकं जलद कोणीच धावलं नव्हतं. तरी विश्वविक्रम धरला नाही. सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको आणि उतार किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त नको, असा नियम. बॉस्टन दोन्हींत बसत नाही. मुंबई सीएसएमटीलाच सुटते, तिथेच संपते. जेवढं चढता तेवढं उतरता.

सपाटरस्ता:
उतरताना मांड्यांची वाट लागते ते कोण मोजतं? सायकल?

कासपठार:
पेडर रोडला चढ म्हणता होय? आमच्याकडं या सप्टेंबरात. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागा, वर पाऊस, वर धुकं. मग बोला. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, मुंबईत भारतीय महिलांत २०१२, १३, १४ सलग पहिली, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल. तिनं काय सपाट रस्ता मागितलेला? पायात दम पाहिजे राव.

सपाटरस्ता:
तिच्या पायात होता. आपण ऑफिसात बसून खाणारे लोक. तुलना कोणाशी करताय?

मावशी_धावते:
तुमचं पेस आणि मीटर वाचून संपलं असेल तर बोलू का? मी फुल साडेपाच तासांत संपवते. एका शर्यतीत मी पोचले तोवर तीन टेबलांवर पाणी संपलं होतं, नुसते चुरगळलेले ग्लास. स्वयंसेवक मुलगी म्हणाली, "काकू, पुढे असेल." पुढेही नव्हतं. सुटायच्या जागी बायकांसाठी टॉयलेट इतके कमी की रांगेत उभं राहून माझा स्टार्ट हुकला. पुढचे तीनशे लोक कसे धावले यावर आयोजन ठरवू नका. शेवटच्याला पाणी मिळालं का ते विचारा. मुंबईत मला निदान लोकांच्या हातून मिळालं. जत्रा म्हणा नाहीतर काही म्हणा.

सपाटरस्ता:
ताई, पाण्याचं पटलं. मग लिहून टाकतो: मुंबई ही जत्राच, पण पाणी मिळणारी जत्रा. झालं समाधान सगळ्यांचं? मी फेब्रुवारीत दिल्लीलाच चाललोय.

दादर_टीटी:
जा की. माझे ३:५८ मोडलेत तर मिसळ माझ्याकडून. फक्त चिप टाइम (आयोजकांच्या चिपनं मोजलेला) दाखवा.

मीटरटेप:
घड्याळाचा स्क्रीनशॉट चालणार नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

पेठेतला_पाय:
मिसळ पुण्यात ठेवा. दादरची कोण खातो.

दादर_टीटी:
आता मिसळीवर पण १९८३ काढणार का?

मावशी_धावते:
टॉयलेटबद्दल एकाही पुरुषानं अक्षर लिहिलेलं नाही. चालू द्या.