विषय: शाळेचे चाचणी-निकाल आणि घराचा निर्णय

सप्रेम नमस्कार,

आमची मुलगी येत्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल आणि आम्ही सध्या घर शोधत आहोत. इथे घर ज्या हद्दीत, त्यावरून मुलांची शाळा ठरते. जे घर पसंत पडले आहे, त्या हद्दीतील प्राथमिक शाळेचा तिसरीच्या गणिताचा निकाल राज्याच्या चाचणीत मागील वर्षापेक्षा बराच खाली आला आहे. शेजारच्या हद्दीतील शाळेचा निकाल मात्र अनेक वर्षे वरच आहे. घरांच्या संकेतस्थळांवर दोन्ही शाळांना दिलेल्या दहापैकी गुणांतही ठळक फरक दिसतो. त्या दुसऱ्या हद्दीत जायचे तर लहान घर आणि रोजचा लांबचा प्रवास पत्करावा लागेल. या आकड्यांना किती महत्त्व द्यावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली,
एक नवीन सदस्य

*

सप्रेम नमस्कार,

आपल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो आहे. शाळेच्या साइट कौन्सिलवर (पालक आणि शिक्षकांच्या शाळा-समितीवर) पालक-प्रतिनिधी म्हणून काम करताना हेच आकडे दर वर्षी आमच्यासमोर येत, आणि त्यांचा घाईने अर्थ लावून मेहनती शिक्षकांना दोष दिला जाताना मी पाहिले आहे.

कॅलिफोर्नियात 2015 पासून तिसरी ते आठवी आणि अकरावीला स्मार्टर बॅलन्स्ड ही राज्याची चाचणी होते. तिसरीपूर्वी भाषा आणि गणिताची ही चाचणी होतच नसल्यामुळे तिसरीच्या निकालात शाळेच्या कामाइतकाच घरातील वाचनाचा, बालवाडीचा आणि पालकांना मिळणाऱ्या सवडीचा वाटा असतो. शिवाय आपण पाहिलेली टक्केवारी केवळ अपेक्षित पातळीची रेषा ओलांडलेली मुले मोजते. तिसरीच्या गणितात ही रेषा 2436 गुणांवर आहे. एखाद्या शिक्षिकेच्या मेहनतीमुळे 2385 च्या आसपास राहिली असती अशी मुले 2430 पर्यंत पोहोचली, तरी टक्केवारीत त्या श्रमांचा मागमूस उमटत नाही. उलट 2434 गुणांपाशी अडली असती अशी चार मुले 2437 वर गेली, की शाळा सुधारली असे सर्वजण म्हणू लागतात. राज्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे शाळांचे निकाल मांडणाऱ्या संकेतस्थळावर, मात्र मुले रेषेच्या सरासरी किती वर किंवा किती खाली आहेत, तो आकडा दिलेला असतो. आपण आधी तो पाहावा.

आता निकाल खाली आल्याविषयी. मागील वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी ही वेगवेगळी मुले आहेत. तिसरीत 60 मुले असतील, तर प्रत्येक मुलामागे टक्केवारी सुमारे 1.7 ने हलते. तीन मुले दुसऱ्या गावी गेली किंवा आजारी असताना परीक्षेला बसली, तरी पाच टक्क्यांचा फरक पडतो. टॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्येच दाखवून दिले होते, की लहान शाळांच्या निकालातील वर्षागणिक चढउताराचा मोठा भाग अशा योगायोगाचा असतो. म्हणून मागील वर्षी तिसरीत असलेली मुले यंदा चौथीत कुठे आहेत, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. शाळेने त्या मुलांना पुढे नेले की नाही, हे त्यातून बरेचसे कळते.

शेजारच्या शाळेविषयीही तितक्याच सावधपणे विचार करावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातील शालेय जिल्ह्यांचे निकाल एकत्र अभ्यासले. सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी घट्ट बांधलेले आहेत, पण मुले वर्षाकाठी किती प्रगती करतात याचा त्या स्थितीशी संबंध बराच सैल आहे, असे त्यांना आढळले. शिकागोतील मुले तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतके शिकत होती, आणि तिथल्या तिसरीची सरासरी मात्र देशाच्या सरासरीहून खाली होती. केवळ सरासरी पाहणाऱ्या पालकाने ही शाळाव्यवस्था पहिल्याच फेरीत बाद केली असती. मला हे फार अन्यायाचे वाटते.

घराचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगतो: सँड्रा ब्लॅक यांनी 1999 मध्ये बोस्टनच्या उपनगरांतील प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरे तपासली, तेव्हा चाचणीगुणांतील 5 टक्के वाढीसाठी पालक सुमारे 2.5 टक्के अधिक किंमत द्यायला तयार असल्याचे दिसले. किंमत वाढली की सुस्थितीतील कुटुंबेच तिथे येतात आणि गुण आणखी वर जातात. त्या वाढीत शिकवण्याचा भाग किती, हे संकेतस्थळावरील दहापैकी गुणांवरून नीट कळत नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे. केवळ एका वर्षाच्या तिसरीच्या निकालासाठी आवडलेले घर सोडू नये.

आपला,
एक पालक-सदस्य

*

सप्रेम नमस्कार,

वरील पत्रातील बहुतेक सर्व मुद्दे मला मान्य आहेत, परंतु चाचणी निरुपयोगी आहे असा अर्थ त्यातून कोणी काढू नये, असे प्राथमिक शाळेतील शिक्षिका म्हणून मला मनापासून वाटते. जानेवारी 2002 मध्ये सही झालेल्या केंद्रीय कायद्याने 2014 पर्यंत प्रत्येक मूल अपेक्षित पातळीवर आणण्याचे अशक्य उद्दिष्ट ठेवले आणि शाळांवर मोठा ताण आणला, हे खरे. पण उत्पन्न, वंश, अपंगत्व, इंग्रजी शिकणारी मुले अशा गटांनुसार निकाल मांडणे त्याच कायद्याने भाग पाडले, आणि 2015 च्या नव्या कायद्यातही ती अट, तिसरी ते आठवीची वार्षिक चाचणी आणि 95 टक्के सहभागाची अपेक्षा कायम राहिली. चांगल्या सरासरीखाली मागे पडलेली मुले झाकली जाऊ नयेत, यासाठी मला हे आवश्यक वाटते. म्हणून ज्या शाळेचा निकाल वर आहे, तिथल्या प्रत्येक गटाचा निकाल कसा आहे हे दाखवणारा रंग डॅशबोर्डवर जरूर पाहावा. 30 हून कमी मुलांच्या गटाला रंग दिला जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटावे. गणितात अडलेल्या मुलाला वर्गात कोण आणि केव्हा मदत करते, हे विचारावे. विज्ञानाची राज्य चाचणी प्राथमिक शाळेत केवळ पाचवीला होते, त्यामुळे तिसरी-चौथीत विज्ञानाला आठवड्यातून किती वेळ मिळतो, हेही विचारावे; चाचणीच्या दडपणाखाली सर्वांत आधी तोच वेळ कमी होतो.

दोन्ही शाळांची नावे मला स्वतंत्रपणे कळवल्यास त्यांचे गेल्या काही वर्षांचे डॅशबोर्ड आपण एकत्र बसून पाहू. मंडळाच्या या ईमेल-यादीवर मात्र नावे लिहू नयेत, कारण मंडळातील अनेक घरांची मुले याच शाळांत शिकत आहेत.

आपली,
एक शिक्षिका-सदस्य