मदत हवी आहे: परसात बसायला दगडी अंगण करायचंय. कोटा, जांभा की पेव्हर ब्लॉक? आणि पोपटीची जागा कुठे?

नमस्कार मंडळी,

अलिबागजवळ, नागावच्या बाजूला आमचं सासरचं घर आहे. मागे वाडी आहे, त्यात नारळ, पोफळी, दोन आंबे आणि एक विहीर. घर आणि विहीर यांच्यामध्ये साधारण २० बाय २४ फुटांची मोकळी जागा आहे. तिथे चार माणसांत बसता-उठता येईल असं पक्कं अंगण करायचं आहे. दिवाळीनंतर काम काढून नाताळच्या आत आटपायचा विचार आहे, कारण नंतर वालाच्या शेंगा येतात आणि सगळं घर पोपटीला, म्हणजे त्या शेंगा मडक्यात घालून जाळावर भाजायच्या बेताला, जमतं. पंचवीस-तीस माणसं सहज होतात.

आजवर पाऊस संपला की सासूबाई ती जागा चोपून, शेणाने सारवून घ्यायच्या. महिनाभर सुंदर दिसायची. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत आणि चोपायला माणूसही मिळत नाही. सारवणाचा ओलसर वास आणि पायाला लागणारा गारवा दगडात येणार नाही हे कळतं, तरी जे करू ते त्या जागेला शोभावं असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की आमच्या मागण्या एकमेकींच्या आड येतात.

पावसात शेवाळ धरून निसरडं व्हायला नको. सासूबाई रोज पहाटे याच वाटेने विहिरीवर फुलं काढायला जातात, त्यामुळे ही अट सगळ्यात वरची. पंगत बसेल एवढं सपाट हवं आणि खुर्च्यांचे पाय रुतायला नकोत. मडक्याभोवती जाळ करता यायला हवा.

शिवाय पाणी जमिनीत मुरायला हवं. आमची जमीन रेताड आहे, समुद्र जवळ. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की ते मचूळ लागायला लागतं. पावसाचं गोडं पाणी जितकं खाली जाईल तितकी ती विहीर उन्हाळ्यात तग धरते. विहिरीच्या शेजारचीच एवढी जमीन सिमेंटने बंद करायला माझं मन घेत नाही.

दोन मिस्त्री येऊन बघून गेले. एकाचं म्हणणं, सरळ ४ इंच पीसीसी (साधं काँक्रीट) करा, त्यात जाळी टाका आणि वर कोटा बसवा, पन्नास वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, रेतीवर पेव्हर ब्लॉक टाका, आठ दिवसांत काम मोकळं. यजमानांना जांभा आवडतो. दिराने शहाबादी सुचवली, कारण स्वस्त पडते आणि जुन्या घराच्या पडवीत तीच आहे.

तुमच्यापैकी कोणी किनाऱ्याजवळ असं काम केलं असेल तर सांगा, खाली थर कसे घेतलेत? पावसाळ्यानंतर जागा कशी राहिली? आणि फरशीवर पोपटी लावली तर चालते का?

---

प्रतिसाद

ताई, मी साइटवर काम करणारा सिव्हिल इंजिनियर आहे. पाणी मुरवायचं असेल तर पीसीसीचा विचार सोडूनच द्या. खाऱ्या हवेत पातळ स्लॅबमधली जाळी लवकर गंजते, गंजली की फुगते आणि वरचा कोटा उचलला जातो. पेव्हर ब्लॉकमध्ये लोखंड नसतं. एखादा खचला तर तेवढाच काढून खालचा थर सारखा करून परत बसवता येतो.

तुमच्या जागेला मी असं करेन. साधारण १० इंच खोदाई. रेताड माती आहे, म्हणून तळाला जिओ-टेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, थर वेगळे ठेवणारं) कापड, नाहीतर खडी हळूहळू रेतीत उतरते आणि वर खळगे पडतात. त्यावर ६ इंच खडी, ४० आणि २० मिमीची, चुरा नसलेली. मिस्त्री मुरूम म्हणेल. मुरूम छान बसतो, पण दाबल्यावर पाणी सहज जाऊ देत नाही. खडीवर दीड इंच ६ मिमीचं ग्रिट (बारीक खडी) आणि त्यावर ६० मिमी जाडीचे ब्लॉक, एम-३५ ग्रेडचे (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत). पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकानुसार (आयएस १५६५८) निव्वळ चालण्यासाठी ५० मिमी, एम-३० पुरतात, पण कधी टेम्पो मागे घ्यावा लागला तर ६० बरे. सांध्यांतही बारीक रेती न भरता तेच ग्रिट भरा. पाणी ब्लॉकमधून जात नाही, सांध्यांतून जातं, म्हणून मोठे सांधे सुटणारा आकार निवडा.

हिशेब सांगतो. ४८० चौरस फुटांवर ६ इंच खडी म्हणजे २४० घनफूट, २.४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर बसते, म्हणून ३ ब्रास मागवा. ग्रिट अंगणाला पाऊण ब्रास आणि सांध्यांसाठी थोडं जास्तीचं. समुद्राची रेती कोणी फुकट देतो म्हटलं तरी घेऊ नका, क्षार वर येऊन ब्लॉकवर पांढरी भुकटी धरते.

उतार घरापासून बाहेर, दर ५ फुटांना १ इंच. पंगतीला तो जाणवत नाही. शेवटचं पाणी पोफळीच्या पाटात सोडा, थेट विहिरीच्या कठड्याशी नको.

आणि कडा! चारही बाजूंना घडीव काळा दगड काँक्रीटमध्ये पक्का करा. कड मोकळी राहिली की ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, आणि मग लोक पेव्हर ब्लॉकलाच नावं ठेवतात.

---

प्रतिसाद

कुडाळहून लिहितोय. जांभ्याचं अंगण आमच्याकडे आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो. पायाला त्याच्यासारखं सुख नाही. पण जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी धरून ठेवतो आणि सावलीत दसऱ्यापर्यंत हिरवागार राहतो. आम्ही दरवर्षी खराट्याने घासतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाच्या पायाखाली मी तो घालणार नाही.

यजमानांची हौस मात्र मोडू नका. कडेने जांभ्याचा कट्टा बांधा, १६ ते १८ इंच उंच, वर खरखरीत कोटा. दोन बाजूंना कट्टा झाला की निम्म्या खुर्च्या लागतच नाहीत आणि जांभा उभ्या भिंतीत पाहिजे तसाच शोभतो.

शहाबादी उघड्यावर नको. तिचे पापुद्रे सुटतात.

---

प्रतिसाद

एक राहिलं, ॲसिड. काम संपलं की मिस्त्री डाग काढायला ॲसिडने धुतात. कोटा, शहाबादी, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडलं की पृष्ठभाग खाल्ला जातो, दगड पांढुरका होतो आणि मूळ रंग परत येत नाही. कट्ट्यावर लिंबू किंवा कोकमाचं सरबत सांडून राहिलं तरी डाग दिसतो. कामाच्या आधीच मिस्त्रीला बजावून ठेवा.

---

प्रतिसाद

चौलची आहे, त्यामुळे पोपटीचं मीच सांगते! ब्लॉकवर किंवा फरशीवर अजिबात लावू नका. ब्लॉकच्या आत ओल असते, जाळाने तिची वाफ होते आणि कपचे उडतात. आमच्या शेजारी एकाने गच्चीवर हौस केली, तर टाइल फुटून तुकडा लांब गेला. भोवती मुलं असतात हो.

अंगणाच्या एका कोपऱ्यात ५ फुटांचा गोल कोराच ठेवा, नुसती माती. मडकं पालथं घालायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, पालापाचोळा, म्हणजे जाळ मडक्यापेक्षा बराच पसरतो, हे गोल आखताना लक्षात घ्या. गोल नारळाच्या झावळ्यांखाली नको आणि घराच्या वाऱ्याच्या बाजूलाही नको. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा ठिणग्या कुठे जातील ते आधी बघून घ्या.

मडक्यावर पाण्याचा शिपका मारून चर्रर्र आवाज आला की पोपटी झाली, हे तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी पाण्याची बादली तिथे असतेच, ती भरलेलीच राहू द्या. पोपटीच्या मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला वाडीतच मिळतो ना? तो बांधाच्या कडेला असेल तर खोदाईत उपटला जाऊ नये, खुणा करून ठेवा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आता ठरल्यासारखं आहे: खडी-ग्रिटवर ६० मिमीचे ब्लॉक, खरखरीत पृष्ठभागाचे, दोन बाजूंना जांभ्याचा कट्टा आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात मातीचा गोल, कारण तिकडे झाडं विरळ आहेत आणि रात्रीचा वारा ठिणग्या घरापासून लांब नेईल. सासूबाई म्हणाल्या, तो गोल मीच सारवणार. बसून होईल एवढंच ते काम आहे, म्हणून कोणी त्यांना अडवलं नाही.

दोन शंका उरल्यात. अंगणाच्या हद्दीत एक नारळ येतो. त्याच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक आणायचे का? आणि ब्लॉक चांगला आहे हे कारखान्यावर ओळखायचं कसं?

---

प्रतिसाद

इंजिनियर पुन्हा. नारळाभोवती ३-४ फूट मोकळं सोडा. मुळं वरच्या थरातच पसरतात, ती तोडत ब्लॉक बसवले तर झाडाचं नुकसान. शिवाय वरून नारळ पडला तर ब्लॉक कदाचित टिकेल, माणूस नाही. त्या भागात बसायची जागा करू नका, कट्टाही नको.

ब्लॉक घेताना दोन एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. किल्लीने कड खरवडा, भुगा पडला तर पुढचा कारखाना गाठा. एक फोडून बघायला सांगा, नुसती वरची रंगीत साय पक्की आणि आत भुसभुशीत असं नको. ओतल्याची तारीखही विचारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, गेल्या आठवड्यातला ताजा माल गाडीत भरून देतात.

मोठ्या सांध्यांत गवत उगवेल, ते श्रावणात एकदा उपटावं लागेल. पाणी मुरवायचं तर एवढं करावंच लागतं.

---

धागाकर्ती

गवत चालेल, आनंदाने उपटू. कडेसाठी काळा दगड हाताने घडवून देणारे पाथरवट अलिबाग-पेण पट्ट्यात कोणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साधारण ९० फूट कड लागेल.