शब्दचर्चा: सागरी हवामानातले 'चढउतार' की 'बदल'?

प्रश्न: 'ओशन क्लायमेट व्हेरिएबिलिटी'ला 'सागरी हवामानबदल' चालेल का? मजकूर शेती, पाणी आणि रोजगारावरच्या परिणामांचा आहे. 'ॲनॉमली'लाही शब्द हवाय.

उत्तर १: 'बदल' नको. तो शब्द आता तापमानवाढीला चिकटलाय, म्हणजे एकाच दिशेने जाणारा. इथे समुद्र तापतो आणि पुन्हा निवतो, म्हणून 'चढउतार'. 'परिवर्तनशीलता' अचूक खरी, पण तीनदा आली की वाक्य दमतं.

फरक नुसता शब्दाचा नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणीवाटप १९२२ मध्ये ठरलं ते ओल्या वर्षांच्या आकड्यांवर. चढालाच सरासरी धरलं, आणि कागदावर वाटलेलं पाणी नदीत पुरेना.

उत्तर २: 'दोलन' ('ऑसिलेशन') फक्त नावांत ठेवा: दक्षिणी दोलन (प्रशांतावरच्या हवेच्या दाबाचं), प्रशांत दशकीय दोलन (प्रशांताच्या तापमानाचं, संथ). एरवी वाचकाला ठरावीक लय वाटते. एल निनो, म्हणजे मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, २ ते ७ वर्षांनी, अनियमित येतो. प्रशांत दशकीय दोलनाची एक अवस्था २०-३० वर्षंही टिकते.

'ॲनॉमली'ला 'विसंगती' रूढ आहे, पण ती आकडेमोडीतली चूक वाटते. 'सरासरीपासूनचा फरक' लिहा, आणि सरासरी कुठल्या ३० वर्षांची तेही. नुसतं 'तापमान ०.५ अंश' छापलं की अर्थ गेला. एल निनोचा प्रचलित निकष असा: मध्य प्रशांतातल्या निनो ३.४ पट्ट्यात तीन-तीन महिन्यांची सरासरी नेहमीपेक्षा निदान ०.५ अंश सेल्सिअस जास्त, आणि ती एकमेकांत गुंतलेल्या (जानेवारी-मार्च, फेब्रुवारी-एप्रिल अशा) सलग पाच तिमाहींत.

उत्तर ३: 'मुळे' जपून वापरा. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र, तरी भारतात मान्सून सरासरीइतका झाला; त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला होता. २००२ चा मध्यम, पण पाऊस १९ टक्क्यांनी तुटला. म्हणून 'एल निनोमुळे दुष्काळ पडतो' नव्हे, 'दुष्काळाची शक्यता वाढते'.

'परिणाम' म्हणजे फक्त पाऊस, असंही नाही. १९७२ च्या एल निनोत पेरू देशाजवळचं पाणी तापलं. थंड, पोषक पाणी वर येईना आणि आधीच बेसुमार पकडलेली अँचोव्ही मासळी कोसळली. तिची भुकटी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. ती तुटल्यावर मागणी सोयाबीनकडे वळली, भाव भडकले आणि १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. इथे 'साखळी परिणाम' चपखल बसतो.

उत्तर २: आणि लिंग सांभाळा: एल निनो आला, ला निना (त्याच पाण्याचं नेहमीपेक्षा निवणं) आली.